दिल्लीची गाडी स्वस्त का मिळते? जुनी गाडी, धूर आणि कर

सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती चाळताना एक गोष्ट हमखास डोळ्यांत भरते. मॉडेल तेच, साल तेच, किलोमीटरही साधारण तेवढेच. पण डीएल नंबरची डिझेल गाडी एमएच नंबरच्या गाडीपेक्षा बरीच स्वस्त. पहिला संशय येतो तो अपघाताचा किंवा मीटर मागे फिरवल्याचा. तसं असूही शकतं, तपासायलाच हवं. पण बहुतेक वेळा खोट गाडीत नसते, कॅलेंडरात असते. त्या गाडीचा दिल्लीतला काळ संपत आलेला असतो.

मग ती महाराष्ट्रात आणून चालवता येते का? येते. फायद्याची पडते का? ते तीन गोष्टींवर ठरतं: गाडी धुराच्या कोणत्या मानकाची (बीएस-३, बीएस-४ की बीएस-६) आहे, आरसीवर किती वर्षं उरली आहेत आणि इथे कर किती भरावा लागेल.

## दिल्लीत नेमकं काय झालं

राष्ट्रीय हरित लवादाने नोव्हेंबर २०१४ मध्ये दिल्लीत १५ वर्षांवरच्या गाड्यांना बंदी घातली आणि एप्रिल २०१५ मध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये हे कायम केलं. नियम फक्त दिल्लीपुरता नाही. एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्लीभोवतीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, येणाऱ्या हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानच्या जिल्ह्यांनाही तो लागू झाला. म्हणजे एचआर किंवा यूपीचा नंबर बघून निश्चिंत होण्यात अर्थ नाही.

१ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही, असा आदेश निघाला. पंपांवर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे बसले, एकच गदारोळ झाला आणि आठवड्याभरात आदेश पुढे ढकलावा लागला. १२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ वय झालं म्हणून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये. डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं गेलं.

या शेवटच्या बदलाकडे नीट बघा. दहा वर्षं कायदा गाडीची जन्मतारीख विचारत होता, आता तो तिचा वर्ग विचारू लागला आहे. जुनी गाडी घेणाऱ्यानेही हाच प्रश्न आधी विचारायला हवा.

## बीएस म्हणजे काय, आणि त्याने फरक किती पडतो

बीएस म्हणजे भारत स्टेज: नवी गाडी विकताना तिच्या धुरात कोणता विषारी घटक किती असू शकतो याची सरकारने ठरवलेली मर्यादा. आकडा जितका मोठा, तितकी मर्यादा कडक.

डिझेल कारच्या धुरात दोन गोष्टी जास्त त्रासदायक असतात, नायट्रोजनची ऑक्साइड्स आणि काजळीचे सूक्ष्म कण. नायट्रोजन ऑक्साइड्सची मर्यादा बीएस-३ ला किलोमीटरमागे ५०० मिलिग्रॅम होती, बीएस-४ ला २५० आणि बीएस-६ ला ८०. कणांची मर्यादा अनुक्रमे ५०, २५ आणि साडेचार मिलिग्रॅम. (बीएस-५ आपल्याकडे आलंच नाही, थेट उडी मारली.) म्हणजे काजळीच्या बाबतीत एक बीएस-३ डिझेल कार अकरा बीएस-६ डिझेल गाड्यांना भारी पडते.

आता पेट्रोल. बीएस-४ पेट्रोल कारला नायट्रोजन ऑक्साइड्सची मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे. म्हणजे २०१२ ची बीएस-४ पेट्रोल गाडी आणि शोरूममधून कालच बाहेर पडलेली बीएस-६ डिझेल गाडी या एका बाबतीत कागदावर बरोबरीच्या. दिल्लीत डिझेलला १० वर्षं आणि पेट्रोलला १५ वर्षं असा भेद का केला, याचं उत्तर याच आकड्यांत आहे.

वर्ग ओळखायचा कसा? बीएस-६ देशभर १ एप्रिल २०२० पासून सक्तीचं झालं आणि बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून. पण बीएस-४ त्याआधी, २०१० मध्येच, १३ शहरांत लागू झालं होतं. त्यात दिल्ली-एनसीआर होतं आणि आपल्याकडची मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. त्यामुळे २०१३ साली सोलापुरात नोंदलेली डिझेल गाडी बीएस-४ असणार, तर त्याच वर्षी साताऱ्यात नोंदलेली बीएस-३ असू शकते. गंमत अशी की दिल्लीने नको म्हटलेली २०१३ ची गाडी आपल्या एखाद्या तालुक्यातल्या त्याच वयाच्या गाडीपेक्षा वरच्या वर्गातली निघू शकते.

अंदाजावर मात्र जाऊ नका. आरसीवर किंवा परिवहन खात्याच्या अॅपवर गाडीचा नंबर टाकला की उत्सर्जन मानकाचा रकाना दिसतो. पुढच्या काचेवरचा स्टिकरही बोलतो. फिकट निळा म्हणजे पेट्रोल किंवा सीएनजी, केशरी म्हणजे डिझेल आणि वरच्या कडेला हिरवी पट्टी असेल तर बीएस-६.

## पण माझ्या गाडीची पीयूसी पास आहे ना!

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप हाच. गाडी नीट सांभाळलेली, पीयूसी दर वेळी पास, मग वयावरून शिक्षा कशाला?

अडचण अशी की पीयूसी ही ताप मोजण्यासारखी चाचणी आहे, रक्ततपासणी नव्हे. पेट्रोल गाडीत ती कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन मोजते. बीएस-४ गाडीला आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत हवेत. डिझेलमध्ये अॅक्सिलरेटर दाबून धूर किती काळा आहे एवढंच बघतात. बीएस-४ ला मर्यादा १.६२, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. ज्या नायट्रोजन ऑक्साइड्समुळे डिझेल बदनाम झालं, ती या चाचणीत मोजलीच जात नाहीत. गाडी उभी असते, इंजिनवर भार नसतो. त्यामुळे पीयूसी पास होणं आवश्यक आहे, पण त्यावरून गाडी स्वच्छ आहे हे सिद्ध होत नाही.

तरीही विकत घेताना पीयूसीचा कागद उपयोगाचा असतो, वाचता आला तर. पास की नापास हे सोडा, आकडे बघा. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड मर्यादेला टेकलेलं असेल तर ऑक्सिजन सेन्सर गेलाय, प्लग संपलेत किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थकलाय. लॅम्डा, म्हणजे हवा आणि इंधन यांच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३ च्या आत हवा; तो १.०३ च्या वर असेल तर सायलेन्सरच्या पाइपला कुठेतरी गळती असण्याची शक्यता मोठी. डिझेलमध्ये धुराचा आकडा चढा असेल तर आधी एअर फिल्टर, मग टर्बोचे होज, मग इंजेक्टर, या क्रमाने तपासायला सांगा, कारण खर्चही याच क्रमाने वाढत जातो.

आणि गाडी लिफ्टवर चढवून खालून बघाच. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात. ते काढून विकायचे आणि जागी रिकामा पाइप जोडायचा हा धंदा जुनाच आहे. वेल्डिंगचा ताजा जोड दिसला तर गाडी सोडून द्या. शहरात हळूहळू चाललेल्या डिझेल गाडीत आणखी एक खोड असते: धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने बुजतो आणि मेकॅनिक तो साफ करण्याऐवजी पत्रा लावून बंद करतो. गाडी चांगली पळते, उभ्या चाचणीत पासही होते, पण नायट्रोजन ऑक्साइड्स भरमसाट सोडते.

## लाइफटाइम टॅक्स भरलाय, मग पुन्हा कसला?

वाहन कर हा राज्यांचा विषय आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत ५७ वी नोंद त्याचीच. मालकाने दिल्लीत भरलेला कर दिल्लीच्या तिजोरीत गेला. गाडी महाराष्ट्राच्या रस्त्यावर आली की महाराष्ट्र आपला कर मागणार. सोसायटी बदलली की नव्या सोसायटीचा मेंटेनन्स भरावा लागतो, जुनीकडे आगाऊ भरला होता म्हणून नवी माफ करत नाही, तसंच हे.

दरांत फरक आहे. वैयक्तिक नावावरच्या, ६ ते १० लाख किमतीच्या डिझेल गाडीला दिल्लीत ८.७५ टक्के कर आणि महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या डिझेलला १३ टक्के. गाडी नवी असताना ८ लाखांची होती असं धरलं तर दिल्लीचा कर ७०,००० रुपये, इथला पूर्ण दर १,०४,००० रुपये. जुन्या गाडीला हा पूर्ण दर लागत नाही. वयाप्रमाणे टक्केवारी उतरत जाते. पण लोक फसतात ते दुसरीकडे. कर मोजताना आधार असतो गाडी नवी असतानाच्या किमतीचा, तुम्ही दिलेल्या पैशांचा नव्हे. तीन लाखांना मिळालेली गाडी एकेकाळी अठरा लाखांची असेल तर कर अठरा लाखांच्या हिशेबाने. त्यामुळे विकणाऱ्याकडून मूळ बिलाची प्रत मागून घ्या. गाडी कंपनीच्या नावावर घेत असाल तर महाराष्ट्रात कराचा दर २० टक्क्यांपर्यंत जातो, तेही लक्षात असू द्या.

महाराष्ट्राच्या या दरांत धुराचा विचार अगदीच ढोबळ आहे: पेट्रोलला ११ ते १३, डिझेलला १३ ते १५ टक्के, सीएनजीला त्याहून कमी. बीएस-३ की बीएस-६ हे इथे कुणी विचारत नाही.

## कागदांचा रस्ता

गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथला नवा नंबर घ्यावाच लागतो. सुरुवात होते एनओसीपासून, म्हणजे जुन्या आरटीओच्या ना हरकत दाखल्यापासून. फॉर्म २८, त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५ देऊन आधी बोजा उतरवायचा. ई-चलन थकलेलं असेल तर गाडी तिथेच अडते. दिल्लीच्या गाड्यांवर वेगमर्यादेची चलनं साठलेली असणं नित्याचं. गाडी चोरीची नाही याचा पोलिसांकडचा अहवालही लागतो.

एनओसीवर कोणत्या आरटीओसाठी आहे ते लिहिलेलं असतं, आणि अर्धी डोकेदुखी इथूनच निघते. तुमचा पत्ता पिंपरी-चिंचवडचा आणि एनओसी पुण्याच्या नावे, असं झालं की कागद परत दिल्लीला. एजंटला पत्ता तोंडी सांगू नका, एमएच-१२ की एमएच-१४ हे लिहून पाठवा. दुसरं असं की दहा वर्षं उलटलेल्या डिझेल गाडीला एनसीआरमधून हव्या त्या जिल्ह्यासाठी एनओसी मिळेलच असं नाही. कोणते जिल्हे चालतील ते राज्यांनी कळवायचं होतं. त्यामुळे टोकन देण्याआधी एनओसी हातात, किंवा निदान व्यवहार एनओसीच्या अटीवर.

इथे आल्यावर नव्या नंबरसाठी फॉर्म २७, मालकीसाठी २९ आणि ३०. मालकी बदलल्याची नोंद करायला घेणाऱ्याला ३० दिवस असतात. परराज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने ४५ दिवसांत आपल्या आरटीओला कळवायचं असतं. त्याने कळवलं की नाही याचा पाठपुरावा तुम्ही करा, त्याला काही पडलेली नसते. विमा आपल्या नावावर करून घ्यायला १४ दिवस. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेव्हा हप्ता वाढेल. गाडी आरटीओत प्रत्यक्ष दाखवावी लागते, आणि तिथे चेसिस नंबर गंजाने वाचता येत नसेल तर दिवस गेलाच. दिल्लीत असतानाच तो भाग घासून, पुसून बघून घ्या.

दिल्लीत जास्त भरलेल्या कराचा परतावा मागता येतो. नवी आरसी हातात आल्यावर उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात जुन्या आरटीओकडे अर्ज करायचा. चार-पाच वर्षांच्या गाडीला तो जरूर करावा. दहा वर्षांच्या गाडीला मिळणारी रक्कम आणि त्यामागची धावपळ यांचं गणित बहुधा जमत नाही; सौदा करताना ती रक्कम शून्यच धरा.

## पंधरा वर्षं झाल्यावर

खासगी गाडीची नोंदणी पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून १५ वर्षं चालते. राज्य बदललं म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. मार्च २०१६ मध्ये दिल्लीत नोंदलेली डिझेल गाडी महाराष्ट्रात मार्च २०३१ पर्यंतच विनासायास चालेल.

त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. फॉर्म २५, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज आणि गाडीची तपासणी. कारला शुल्क पूर्वी ६०० रुपये होतं. एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला १०,००० रुपये. आयात केलेल्या कारला हेच आकडे ४०,००० आणि ८०,००० आहेत. उशीर केला तर कारला महिन्याला ५०० रुपये जादा.

याशिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर, बोलीभाषेत ग्रीन टॅक्स. पंधरा वर्षं ओलांडलेल्या खासगी गाडीला तो पाच वर्षांसाठी एकदम भरायचा. मूळ दर पेट्रोल कारला ३,००० आणि डिझेलला ३,५०० रुपये. भरण्याआधी परिवहनच्या पोर्टलवर चालू दर बघून घ्या.

मूळ दरानेच हिशेब करून बघा. नूतनीकरणाचे ५,००० आणि पर्यावरण कराचे ३,५००, म्हणजे पाच वर्षांना ८,५००. महिन्याला दीडशेच्या आतच. एका पंक्चरच्या आणि दोन चहाच्या पैशांत बसणारा हा कर कुणाला जुनी गाडी सोडायला लावेल असं वाटत नाही. गाडी सोडायला लावते ती अनिश्चितता. उद्या नियम बदलला तर? या एका प्रश्नाने गिऱ्हाईक मागे सरतं, आणि किंमत पडते.

## मग घ्यावी की नाही? असा हिशेब मांडा

किंमत किमतीशी ताडून बघू नका. एकूण खर्चाला उरलेल्या महिन्यांनी भागा. समजा, दिल्लीची डिझेल गाडी ३ लाखांना मिळते. इथला कर ४०,०००, आणण्याचा आणि कागदांचा खर्च २०,०००, टायर आणि क्लच ४०,०००. झाले ४ लाख. आरसीवर ६० महिने उरले असतील तर महिना ६,६६७. तशीच, तेवढीच वर्षं उरलेली, एमएच नंबरची पेट्रोल गाडी सगळं धरून ३ लाख ८० हजारांना पडत असेल तर महिना ६,३३३. आकडे कल्पित आहेत, पद्धत खरी आहे. रोज ६० किलोमीटर धावणाऱ्याला डिझेलचं मायलेज हा फरक भरून काढून देईल. आठवड्यातून एकदा मंडईत जाणाऱ्याला कधीच देणार नाही.

बीएस-३ डिझेल असेल तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नियमांचा रोख तिच्यावरच आहे, आणि तुम्हाला ती पुढे विकायची असेल तेव्हा घेणारा नसेल.

## परदेशात कर कसा लावतात, आणि आपल्याकडे तसा लावला तर

ब्रिटनने मार्च २००१ पासून आणि आयर्लंडने जुलै २००८ पासून नव्याने नोंदलेल्या गाड्यांचा रस्ताकर कार्बन डायऑक्साइडवर बेतला. आयर्लंडमध्ये त्याआधीच्या गाड्यांना इंजिनाच्या सीसीप्रमाणेच कर राहिला. त्यामुळे एकाच मॉडेलच्या, महिन्याभराच्या अंतराने नोंदलेल्या दोन गाड्यांच्या करात मोठी तफावत पडली, आणि जुनी गाडी बाहेरून आणणारे आधी नोंदणीची तारीख बघू लागले.

पण कार्बन डायऑक्साइड आणि धुरातलं विष या वेगळ्या गोष्टी आहेत. कार्बन डायऑक्साइड थेट इंधनाच्या प्रमाणात निघतो. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो, डिझेलचा साधारण २.७ किलो. १५ चं मायलेज देणारी पेट्रोल कार किलोमीटरला १५३ ग्रॅम सोडते, २० चं देणारी डिझेल कार १३५. कर कार्बनवर लावला तर डिझेल जिंकतं, नायट्रोजन ऑक्साइड्सवर लावला तर हरतं. युरोपात कार्बनच्या करामुळे डिझेल गाड्या वाढल्या आणि पुढे शहरांची हवा बिघडल्यावर त्याच गाड्यांवर निर्बंध आले. आपल्याकडे वयाचा नियम उलट दिशेने चालला. तो सोपा आहे, कुणालाही तपासता येतो, पण डिसेंबर २०२५ पर्यंत तो नीट ठेवलेली बीएस-४ आणि खिळखिळी बीएस-३ यांत भेद करत नव्हता.

परदेशातून जुनी गाडी आणण्याचा विचार असेल तर तो बहुतेकांसाठी इथेच संपतो. वापरलेली कार तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि सगळे कर धरून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त रक्कम सरकारला जाते. पन्नास वर्षं ओलांडलेल्या व्हिंटेज गाड्यांची वाट निराळी. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो, पहिल्या नोंदणीला २०,००० आणि पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये लागतात. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर काढता येते. तिच्यातून ऑफिसला जाता येणार नाही.